दुखलं का, वत्सलाताई?

वत्सलाताई,

स्टोव्हवर पाणी उकळतंय आणि पातेल्यातल्या काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटून किणकिणतायत. तू असताना हा आवाज मी बहुतेक ऐकलाच नव्हता, तू त्यावर बोलत असायचीस ना! दुपारची वेळ आहे, दवाखाना बंद केलाय, बोईसर स्टेशनाकडे जाणारा रस्ता उन्हानं ओस पडलाय. या रिकाम्या खोलीत आता तेवढी किणकिणच ऐकू येतेय. उद्या सकाळी चैती येणार आहे. निदान तसा निरोप आलाय. आणि तिला सुई मी द्यायची आहे.

मी. तुझी भित्री भागूबाई.

तुझं दिवसकार्य परवा आटोपलं. तुझा भाऊ तुझी ट्रंक घेऊन गेला. डॉक्टरसाहेब चार शब्द बोलले, तू कुठली, कुठं शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. मी मागं खांबाला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, या बाईला सुईची भीती वाटायची, एवढं तरी सांगा की कुणीतरी! पण ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

आठवतं का, दर उन्हाळ्यात कॉलऱ्याची लस यायची आणि आधी आपण नोकरमाणसांनी टोचून घ्यायची असा हुकूम असायचा? तू सगळ्यांना टोचायचीस, मला, कंपाउंडरला, झाडूवाल्या काशीबाईला. मग स्वतःची सिरिंज भरून घ्यायचीस, ‘माझी मी घेते मांडीत’ म्हणायचीस आणि मधल्या खोलीत जाऊन कडी लावायचीस. बऱ्याच वेळानं घाम पुसत बाहेर यायचीस. गेल्या वर्षी मी तुला दारातच गाठलं. ‘दाखव कुठं टोचलंस ते!’ तू मला ढकलून पुढं गेलीस आणि दिवसभर बोलली नाहीस. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आपणहून म्हणालीस, ‘घेतली गं. पण आधी अर्धा तास सुईकडे बघत बसले होते. माझी मलाच दया येत होती.’ मी इतकी हसले की तव्यावरची भाकरी करपली.

मग तू जे म्हणालीस, ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ‘इंदे, ज्याला भीती वाटत नाही ना, त्याच्या हातात सुई देऊ नये. त्याला समोरच्याचं काय कळणार?’

तुझ्या या म्हणण्याप्रमाणे पाहिलं तर मी सगळ्यात चांगली सुई द्यायला हवी. कारण भीतीत माझा हात धरणारं कुणी नाही.

माझ्या भीतीचं मूळ तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण आज तेच डोळ्यांपुढं नाचतंय. कऱ्हाडकडं मी शिकाऊ होते, तेव्हा एक बाई आपल्या मुलीला कडेवर घेऊन आली होती. मुलगी चांगली चार-पाच वर्षांची, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हे. गावातल्या कुणीतरी तापात तिला कमरेखाली पुठ्ठ्यावर सुई दिली होती. जागा चुकली, शिरेला लागली म्हणे. एक पाय नुसता लोंबत होता. आई आमच्या मोठ्या सिस्टरना विचारत होती, ‘बाई, आता उलटी सुई देऊन पाय परत येतो का?’ त्या आईला उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी कपड्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तेव्हापासून सुई हातात धरली की मला तो पाय दिसतो, आणि हात कापायला लागतो. हात कापला की सुई आत हलते. सुई हलली की माणूस कळवळतो. तो कळवळला की माझा हात आणखी कापतो.

इथं आले तेव्हा तू पहिल्याच दिवशी ते ओळखलंस आणि चारचौघांत काही बोलली नाहीस. नुसती म्हणालीस, ‘ड्रेसिंगं तू कर, बाळंतपणं आपण दोघी करू, सुया माझ्याकडे.’ केवढं ओझं उतरलं होतं माझं! तुला ताई म्हणायला लागले ते त्या दिवसापासून, आणि ताई म्हणतेस तर अहो-जाहो कशाला, म्हणून अगं-तुगं करायला लावलंस तेही तूच.

पण मला मोकळं सोडशील ती तू कसली! दुपारी दवाखाना बंद झाला की तुझी शाळा भरायची. सुई उकळायच्या आधी तिचं टोक कापसावरून ओढून बघायचं. कापसाचा धागा अडकला तर टोक वाकलंय, ती सुई दगडावर घासायची नाही तर फेकायची. बाटली मुठीत धरून कोमट करायची, गार औषध आत गेलं की ठणकतं. स्पिरिट लावलं की वाळू द्यायचं. ‘ओल्या स्पिरिटवर टोचलंस तर सुईबरोबर चटका आत जातो. घाई कसली आहे? गाडी चुकतेय का तुझी?’ अंगठ्यानं ती जागा आधी दाबून धरायची. टोचताना झटकन, औषध सोडताना सावकाश. आणि पुठ्ठ्याचे मनातल्या मनात चार भाग करून वरच्या बाहेरच्या भागात, त्याच्या एक बोटही खाली नाही.

हे हाताला यावं म्हणून तू मला ताडगोळ्यांवर बसवलंस. उमरोळीची ताडगोळेवाली आली की तू पानभर विकत घ्यायचीस. ‘टोच. आतलं पाणी बाहेर आलं तर हात हलला.’ माझ्या ताडगोळ्यांना कारंजी फुटायची. मग आपण ते खायचो आणि तू म्हणायचीस, ‘हा पेशंट गेला, पण गोड होता.’

आणि बोटं. पायाची बोटं. पेशंटला पालथं झोपवून तू सांगायचीस, ‘दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना लाव, टाचा बाहेर पाड.’ पाय असे आत वळले की पुठ्ठा आपोआप सैल पडतो, आवळायचा म्हटला तरी आवळत नाही. मग तुझं पालुपद सुरू व्हायचं, ‘बोटं सैल सोड गं, बोटं सैल सोड.’ मला म्हणायचीस, ‘तोंडाकडे बघू नकोस. तोंड खोटं बोलतं. कुणी लाजेनं नाही म्हणतो, कुणी नर्सला वाईट वाटू नये म्हणून नाही म्हणतो. बोटांकडे बघ. दुखलं की बोटं आवळतात, तिथं कुणाचं काही चालत नाही.’

तारापूरकडं विजेच्या कारखान्याचं काम निघाल्यापासून आपल्याकडं कुठकुठली माणसं यायला लागली. तो पंजाबी वेल्डर आठव, दारातून वाकून यावं लागणारा. पेनिसिलिन म्हटल्यावर त्याला दरदरून घाम फुटला होता. तू त्याला त्याच्या गावच्या म्हशींविषयी विचारत राहिलीस. शेवटी तो म्हणाला, ‘सिस्टरजी, अब लगा भी दो, जान निकल रही है.’ आणि तू कापूस टाकून हात धूत होतीस. पुढं आठवडाभर तो मित्रांना घेऊन येत होता, काही दुखणं नसताना, तुझा हात दाखवायला.

पण चैतीच्या नवऱ्याला तुझा हात पटला नाही.

चैती आली ती फाल्गुनात. मनोरच्या बाजूच्या डोंगरातली, भाताची कापणी झाली की नवऱ्याबरोबर इकडे खडी उचलायला येणारी. रुळांपलीकडच्या झोपड्यांत राहायची. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा तिचा नवरा, जान्या, तिला घेऊन आला. डॉक्टरसाहेबांनी क्षय सांगितला, रोजची सुई सांगितली, आणि दोघांना समोर बसवून बजावलं की मध्ये खंड पडला तर औषध लागू पडायचं नाही. चैतीनं सुईचं नाव ऐकलं आणि उठून बाकाखाली जाऊन बसली. विशीची बाई! तू तिच्याजवळ जमिनीवर बसलीस. तिच्या हातात एकच हिरवी बांगडी होती. ती तू उजव्या हातातून काढून डाव्या हातात घातलीस. ‘आज डाव्या बाजूला सुई. उद्याची उजव्या. सुई झाली की बांगडी तू स्वतः बदलायची. एका बाजूला सारखी टोचली की गाठ होते, म्हणून ध्यान तू ठेवायचं. मी विसरते.’ तू कुठली विसरतेस! पण चैतीला ते काम मिळालं आणि ती बाकाखालून बाहेर आली.

सुई झाल्यावर ती पालथीच पडून राहिली. ‘झाली,’ तू म्हणालीस.

‘कवा?’

दारात उभा असलेला जान्या आत आला. त्यानं चैतीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. ‘दुखला नाय तुला?’

‘नाय.’

तो तिला घेऊन गेला. चार दिवसांनी मात्र त्यानं तुला तोंडावर विचारलं, ‘बाय, ही रोज हसत घरी येते. सुई अशी असते काय? औषद हाय का पाणी हाय?’

तू त्याला समजावलंस. तो मान हलवत गेला, आणि दुसऱ्या दिवशी चैती आली नाही. त्यानंतरही नाही. तू संध्याकाळी रुळांपलीकडं चालत गेलीस, तर झोपडीला झाप लावलेला. शेजारणीनं सांगितलं, मनोरच्या बाजारात एक सुईवाला बसतो, त्याची सुई लई कडक, माणूस बोंबलतो, तिकडं नेली.

ती परत आली ती जान्याच्या खांद्यावर. पुठ्ठ्याला हे एवढं गळू झालेलं, अंगात ताप, आणि खोकला होता तसाच. डॉक्टरसाहेबांनी गळू फोडलं, ड्रेसिंग मी करत होते. माझ्या हाताखाली ती इतकी थरथरत होती की मला जान्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटत होती. पण तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्याला वाटलं होतं, जेवढं दुखेल तेवढं औषध. त्याचं तरी काय चुकलं? डोंगरात जे औषध मिळतं ते सगळं एक तर कडू, नाही तर चटका देणारं. न दुखता बरं करणारं त्यानं काही पाहिलंच नव्हतं.

तेव्हा मी तुला म्हणाले, आणि हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही, ‘ताई, थोडं दुखू दे ना तिला. स्पिरिट वाळायच्या आधी टोच. एवढासा चटका. पण विश्वास बसेल, रोज येतील, जीव वाचेल. तुझा हात हलका म्हणून तिनं मरायचं का?’

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पातेलं घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी तू जान्याला आत बोलावलंस. चैतीची सुई भरल्यावर बाटलीच्या तळाशी जो थेंब उरतो, तो त्याच्या जिभेवर ठेवलास. त्यानं तोंड वाकडं केलं. ‘कडू हाय!’

‘पाणी कडू असतं का?’

त्या दिवसापासून जान्या रोज दारात जीभ काढून उभा. थेंब कडू लागला की चैतीला म्हणायचा, ‘झोप, खरा हाय.’ मी संतापले. म्हटलं, हे काय नवीन देवाचं तीर्थ काढलंस? औषध काय चाटायची वस्तू आहे? तू म्हणालीस, ‘कडू लागायचंच असेल तर त्याच्या जिभेला लागू दे, तिच्या पुठ्ठ्याला कशाला?’ सोनारानंच कान टोचावे म्हणून मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘मी काही पाहिलेलं नाही.’ तू आठवडाभर मला ‘चहाडखोर’ म्हणत होतीस, आणि मी तुला ‘भगतीण’.

मी अजूनही म्हणते, हे बरोबर नव्हतं. लोकांना शिकवायचं की त्यांच्या समजुतीला खतपाणी घालायचं? तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस याचा विचार करते आणि तुझा आवाज ऐकू येतो, पण शब्द येत नाहीत. भांडायलाही आता मलाच दोन्हीकडून बोलावं लागतं.

मग वैशाखात तूच पडलीस. खोकला, ताप, एका कुशीवर श्वास घेता येईना. डॉक्टरसाहेब म्हणाले न्यूमोनिया, आणि हृदय आधीच कमजोर आहे, पालघरला हलवू. तू नको म्हणून मान हलवलीस. तेवढा प्रवास झेपायचा नाही असं त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी जास्त आग्रह केला नाही. पेनिसिलिन दोन्ही वेळ. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘हिच्याच हातची घेईन.’

ताई, का गं असं केलंस? कंपाउंडर होता. पालघरहून बदली नर्स आली होती, चांगली हुशार, तिचा हात कापत नव्हता. मी तुला हात जोडले. तू डोळे मिटून पडलीस आणि म्हणालीस, ‘ताडगोळे आठव.’

आधी कातडीखाली थोडंसं टोचून पाहायचं, अंगावर काही उठतं का, श्वास कोंडतो का. तेवढा वेळ मी तुझ्या हातावरच्या त्या ठिपक्याकडे बघत बसले. तशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. पेनिसिलिननं धडधाकट माणसं सुई बाहेर काढेपर्यंत गेल्याच्या गोष्टी तूच मला सांगितल्या होत्यास. काही उठलं नाही. आता खरी सुई. पत्र्याखाली ती खोली भट्टीसारखी तापलेली, माझ्या अंगावरून घामाच्या धारा. तुला पालथं केलं, पाय मी हातानं वळवले, अंगठ्याला अंगठा लावला. आणि तू म्हणालीस, ‘इंदे, पाय झाक. गार वाटतंय.’

मी चादर तुझ्या पायांवर ओढली.

मग तू मान वळवून खाटेच्या कडेवर गाल टेकलास, डोळे अर्धे उघडे. मी टोचलं. दाट औषध, सावकाश सोडायचं, आणि माझा हात! तेवढ्यात तू पुटपुटायला लागलीस, ‘बोटं सैल सोड गं, बोटं सैल सोड.’ मला रडू फुटलं. तापात तुला वाटत होतं की तूच सुई देतेयस, आणि खाटेवर दुसरंच कुणी आहे. बाहेर आल्यावर मी डॉक्टरसाहेबांना सांगितलंही, ताई भ्रमात बोलायला लागल्या.

सुई काढून मी विचारलं, ‘दुखलं का, ताई?’

‘नाही.’

प्रत्येक वेळी हेच झालं. पाय झाक. बोटं सैल सोड. दुखलं का? नाही. आणि एका दुपारी, चारच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा, तुझं हृदय थांबलं. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुईचा काही संबंध नाही, सकाळच्या सुईला कितीतरी तास झाले होते, हृदयच दमलं होतं. मी ऐकलं. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

पण एका गोष्टीनं माझी झोप उडालीय. वैशाखात कुणाला पाय गार वाटतात? ताप चढताना थंडी वाजते हे मलाही कळतं. पण मग सगळं अंग झाकायला सांगायचं होतंस. नुसते पाय का? मी बोटं पाहू नयेत म्हणून ना? माझा हात आत हलत होता, तुझी बोटं आवळत होती, आणि ती मला दिसली असती तर मी पुन्हा कधी सुई धरली नसती, म्हणून ना? ज्या बाईला स्वतःच्या सुईकडे बघत अर्धा तास बसावं लागायचं, तिला मी दिवसातून दोनदा दुखवत होते का? सांग ना. आता तर माझी भीड धरायचं कारण नाही.

आणि याच हातानं उद्या चैतीला द्यायची. तू पडलीस तशी ती बदली नर्सकडं फिरकली नाही. ‘बाय बरी झाली की येईन,’ एवढाच तिचा निरोप. कितीतरी सुया चुकल्या. ती नर्सही आता पालघरला परत गेली. काल काशीबाई रुळांपलीकडं जाऊन सांगून आली की बाय गेली, आता इंदूबाई आहे, तू ये. जान्या म्हणाला, येतो. पुढं काय म्हणाला ठाऊक आहे? ‘दुखला तर नाय ठेवायची तिला हितं. एकदा सोसलाय तिनं.’ म्हणजे बघ, कालपर्यंत दुखत नाही म्हणून पळत होता, आता दुखलं तर पळणार. ते मनोरला परत जायचे, नाही तर सरळ डोंगरात, आणि चैतीचं काय होणार ते मला डॉक्टरांनी सांगायला नको.

पाणी आटत आलं. पातेलं उतरवते.

*

काल इथंच थांबले होते. आज ते येऊन गेले, म्हणून पुढं लिहिते.

सकाळी दार उघडलं तर दोघं पायरीवर बसलेले. चैती फार वाळलीय गं. मी आधी तिचे हात पाहिले. बांगडी डाव्या मनगटात होती, तू शेवटची सुई दिलीस त्या दिवशी तिनं घातली होती तिथंच. मनोरला गेली नव्हती. कुणाचीच सुई घेतली नव्हती.

‘ती बाय खरंच गेली?’ तिनं विचारलं.

‘गेली.’

‘तिला कोन सुई देत होता?’

‘मी.’

ती माझ्याकडे बघत राहिली. आत्ता उठून जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तर, खरं सांगते, मला सुटल्यासारखंही वाटलं असतं. पण ती आत गेली, टेबलावर पालथी झाली आणि न सांगता अंगठ्याला अंगठा लावून टाचा बाहेर पाडल्या.

मी सुई कापसावरून ओढून पाहिली. बाटली मुठीत धरली, पण माझीच मूठ गार पडलेली, म्हणून काखेत धरली. हसू नकोस. दारात जान्या जीभ काढून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दिला त्याला थेंब. पटलेलं नाही मला, एवढं लक्षात ठेव. ‘कडू हाय,’ तो म्हणाला आणि बाहेर वळला.

स्पिरिट लावलं. वाळू दिलं. डाव्या बाजूचे चार भाग केले, वरचा बाहेरचा. तो लोंबता पाय आलाच डोळ्यांपुढं, कधी येत नाही? अंगठ्यानं जागा दाबली आणि म्हटलं, ‘चैते, घरी भातावर ओतायला कोळ कशाचा करतेस?’ काय विचारलं मी! पण ती सांगायला लागली, चिंचेचा, आणि सुक्या बोंबलाचा, आणि तिच्या आयशीच्या हातचा कसा आंबट असायचा. मी टोचलं. सावकाश सोडलं. आणि सगळा वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. भेगाळलेली, खडीनं नखं फुटलेली तिची बोटं पसरून पडली होती, झोपलेल्या पोराच्या बोटांसारखी. एकही हललं नाही.

सुई काढली, कापूस दाबला. ती बोंबलाविषयीच बोलत होती. मग थांबली.

‘देतेस ना?’

‘दिली.’

तिनं मान वर करून माझ्याकडे संशयानं पाहिलं. ‘बाय, हा पाणी हाय काय?’

बाहेरून जान्या ओरडला, ‘कडू हाय गं! मी चाखलाय!’

चैतीनं बांगडी काढून उजव्या हातात घातली. म्हणजे उद्या येणार. मी सिरिंज ठेवायला वळले आणि माझा तोल गेला. पायाला मुंग्या आल्या होत्या. खाली पाहिलं तर चपला एकीकडे पडलेल्या, आणि माझ्या दोन्ही पायांची बोटं फरशीत रुतवल्यासारखी आवळलेली, नखं पांढरी पडलेली. किती वेळ तशी होती कुणास ठाऊक. सोडायची म्हटली तरी सुटेनात.

आणि मग मला तू दिसलीस. खाटेच्या कडेवर गाल, डोळे अर्धे उघडे. तिथून माझं तोंड दिसत नव्हतं तुला, हातही दिसत नव्हता. तिथून फक्त माझे पाय दिसत होते.

तू भ्रमात नव्हतीस. दुसऱ्या कुणाशी बोलत नव्हतीस. मला सांगत होतीस, प्रत्येक वेळी, अगदी शेवटच्या सुईपर्यंत.

टेबलाला धरून उभी राहिले मी. चैती विचारत होती काय झालं. तुला दुखलं की नाही हे मला आता कधीच कळायचं नाही, ताई. ते तू चादरीखाली घेऊन गेलीस.

पण सोडली गं बोटं. बघ. सोडली.

तुझी,
इंदू